उताणी मेंढी

माझ्या तोंडाच्या धास्तीनं पुतण्या मला कुठं नेत नाय. तरी घर सांभाळाय मीच लागलो बघा. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीनं त्याला स्कॉटलंडला धाडलेलं. मी तिकडं गेलतो, तवा नवराबायको आठ दिवस फिराय गेले. जाताना म्हणला, "काका, कुणाच्या रानात पाय ठेवू नका."

दुसऱ्याच दिवशी खिडकीतनं बघतो, तर समोरच्या रानात मेंढी उताणी, चारी पाय वर. राखणीला कुणी नाय. मी धनगराच्या पोटचा. मला ठावं, तिला लोकरीच्या वज्यानं उठता येत नाय अन पोट फुगून मरती. पळतच गेलो, तार ओलांडली, तिला उभी केली. तेवढ्यात मालक आला अन त्याच्या बोलीत वरडाय लागला. मीबी आपल्या मराठीत सुरू झालो, "जित्राब असं टाकून कुठं उलथला व्हता रं?"

मेंढी लटपटत चालाय लागली. ते बघून गड्याच्या ध्यानात आलं. मग घरी नेऊन चहा पाजला मला.

परत आलो तर पुतण्याचा फोन. "काका, शेजारीण म्हणती दार सताड उघडं हाय. कुठं गेलता?"

म्हणलं, "मेंढी उताणी पडली की मरती, बाबा. घर कुठं मरतंय?"