पोचा पडलेली घागर

(धनगरवस्तीवरचं घर, सकाळ. म्हातारी इरम्मा बाजेवर पडून आहे, तिची सून हरणाबाई जवळ. भिंतीला नळपाण्याच्या व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी टेकवलेली.)

धनाजी : न्हाय वो काकू, पडल्या न्हाईत. हापशाचा दांडा धरून खाली बसल्या फकस्त.

हरणाबाई : नीट सांग. आण्णासाहेबांची बायकू कमलबाई, सोता घागर घिऊन हापशावर आली?

धनाजी : व्हय. वरच्या आळीत चार दिस झाले, नळाला थेंब न्हाय. काय करत्याल? गुडघे धरत धरत आल्या.

इरम्मा : पडली आसती तर बरं झालं आसतं.

हरणाबाई : पडंल, आत्याबाई. आजून चार दिस जाऊ द्या.

धनाजी : काकू, म्या पाणी सोडणारा मानूस. सरपंच म्हनंल तशी चावी फिरवायची. पर लोक मलाच इचारत्यात.

हरणाबाई : मग सांग की. मोटर जळाली, वायंडिंगला उमरग्याला न्हेली. तसंच सांगितलंस न्हवं?

धनाजी : तसंच.

इरम्मा : त्या उन्हाळ्यात आमाला बी ह्येच सांगितलं हुतंस रे तू. अकरा दिस! मतं दिली न्हाईत म्हणून आण्णासाहेबानं वस्तीचं पाणी तोडलं, आन् तू मोटर जळाली म्हणत हिंडलास.

धनाजी : तवा सरपंच त्ये हुते, आजी.

इरम्मा : हापसा आटलेला. म्या हिरीत उतरले आन् पायरीवरनं घसरले. खुबा मोडला. ती घागर आजून बाजंखाली हाय, पोचा पडलेली. कुणाला हात लावू देत न्हाय म्या तिला.

हरणाबाई : म्हणून तर इलेक्शनला उभी राहिले. मेंढरं दिरावर सोडली, दारोदार फिरले आन् सरपंच झाले. आता मागू देत त्यास्नी घोट घोट. मला कीव येत न्हाय. खरं सांगू? ह्या चार दिसांत जशी गाढ झोप लागलीया, तशी कैक वर्सांत लागली न्हवती.

धनाजी : आण्णासाहेब बी गाढ झोपत असत्याल.

हरणाबाई : काय म्हणालास?

धनाजी : बाईंची घागर घिऊन घरी सोडाय गेलतो. आण्णासाहेब खुर्चीत बसले हुते. मोटरीचं सांगितलं तर हसाय लागले. पार ठसका लागला. म्हणले, "धन्या, ह्ये माझंच वाक्य हाय की रं. उमरगा सुदीक माझंच."

हरणाबाई : चिडले न्हाईत?

धनाजी : न्हाय. म्हणले, "इतके दिस मला भ्या वाटत हुतं तिचं. बिरोबाचा भंडारा उचलून गावाम्होरं बोलली हुती, म्या सरपंच हाय तवर कुणाचंच पाणी तुटणार न्हाय. खरंच तशी वागली आसती तर मला तोंड दाखवाय जागा नसती. आता निवांत झालो. ती बी माझ्यासारखीच निघाली."

इरम्मा : खोटं बोलतोय त्यो.

हरणाबाई : खोटं कशाचं, आत्याबाई? भंडारा तुमीच लावला हुता माझ्या कपाळाला. म्या समजत हुते, सूड घेतीया. आन् त्यो घरात बसून खूश!

इरम्मा : मग काय, सोडतीस पाणी? त्या चावीनं माझा खुबा जुळतोय का?

हरणाबाई : न्हाय जुळत. पर त्याचं हसू तरी बंद हुईल. धनाजी, घे ती चावी. वरची आळी आत्ता सोड.

धनाजी : आन् काय सांगू? मोटर दुरुस्त हून आली?

हरणाबाई : मोटरीला काय झालं हुतं? सांग, सरपंचानं बंद केलं हुतं. न्हाय, तू नको. म्याच येते. आन् उद्याच्या ग्रामसभेत बी उभी राहून सांगते, चार दिस पाणी म्या तोडलं, माझं चुकलं.

धनाजी : लोक शिव्या घालत्याल, काकू.

हरणाबाई : घालू देत. माझ्या चार दिसांच्या म्या खाते. मग खाली बसते आन् बघते, अकरा दिसांचं त्यो काय सांगतोय. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघंल. तवा हसून दाखवावं त्यानं.

धनाजी : त्यात म्या बी आलो की.

हरणाबाई : तू बी आलास. तुजं तू बोल.

धनाजी : चावी घेतो. चला.

हरणाबाई : आत्याबाई, जाऊ न्हवं? बोला की. राग आला?

इरम्मा : आला. लई आला. थांब जरा, बाजंखालची घागर काढ.

हरणाबाई : तुमची?

इरम्मा : कमलबाईच्या नळाखाली पयली तीच लाव. भरली की तूच उचलून दे तिच्या हातात. पोचा तिच्याकडं करून.