गाठ कशाची?

(सोलापुरातला दवाखाना. फुप्फुसाच्या डॉक्टर प्रियदर्शनी, सांगोल्याकडचे मेंढपाळ सिदू आणि त्यांची बायको बाळाबाई.)

सिदू : गाठीला सुई लावली की कॅन्सर भडकतो म्याडम. माझा मेव्हना दोन म्हयन्यांत गेला की!

बाळाबाई : सुईनं न्हाय गेला. वरीसभर अंगावर काडलं त्यानं. माझा भाऊ व्हता, मला म्हाईत.

डॉक्टर : मामा, फुप्फुसातल्या गाठीत कॅन्सर आहे, ते कळलंय. ती काढता येईल. अडलंय ते श्वासनळीजवळच्या दुसऱ्या गाठीपाशी. स्कॅनमध्ये तीही चमकली. कॅन्सर तिथं पोचला असेल तर आधी औषधं द्यावी लागतील, लगेच ऑपरेशन नाही.

सिदू : चमकली म्हंजी पोचलाच की. मग टोचायचं कशाला?

डॉक्टर : चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. टीबीची जुनी गाठही चमकते. तुम्हाला टीबी झाला होता का कधी?

सिदू : न्हाय.

बाळाबाई : छ्या! आमच्यात कुनालाच न्हाय.

डॉक्टर : फुप्फुसाच्या वरच्या बाजूला जुना डाग दिसतोय, म्हणून विचारलं.

सिदू : बाळे, तू जरा भाईर बस.

बाळाबाई : का? माझ्याम्होरं बोला की.

सिदू : ...झालता. लगनाच्या आदल्या साली. लई म्हयने गोळ्या खाल्ल्या. आई म्हनली, तोंड उगडलंस तर कोन पोरगी देनार न्हाय.

बाळाबाई : अगं बया! तीस वर्सं? तरीच सासूबाई तुमचा तांब्या येगळा ठिवायच्या! मला म्हनायच्या, नवसाचा हाय.

सिदू : चुकलं माजं.

बाळाबाई : घरी चला, मग बगते. म्याडम, म्हंजी ती गाठ टीबीची आसंल व्हय?

डॉक्टर : असू शकते. नक्की सुईच सांगेल. ही तपासणी मंगळवारी असते. गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण घालायची, आतूनच टोचायचं. वरून कापायचं काही नाही. कॅन्सर नाही निघाला तर ऑपरेशनचा रस्ता मोकळा.

सिदू : आन् निगाला तर?

डॉक्टर : तर आधी औषधं. इलाज तेव्हाही आहे. पण नुसत्या अंदाजावर मी छाती उघडू देणार नाही, आणि अंदाजावर हातही टेकणार नाही.

सिदू : बाळे, तवा कळलं आसतं तर आली आसतीस का गं?

बाळाबाई : आले आसते. लई भांडले आसते, पर आले आसते. म्याडम, मंगळवारी सुईला ह्यांचं नाव लिवा.