गोलकीपरची सही

हॅलो? ताई, मी बोलतेय, हॉस्पिटलमधून... अगं मला काही झालं नाही, ड्युटीवर आहे... हो, जेवले. ऐक तरी. आपली भिंत माझ्या वॉर्डात आहे.

भिंत गं. आपला गोलकीपर... हो, तोच. अकरा नंबरच्या खाटेवर. हृदयाचं ऑपरेशन आहे आज.

छे, केस कुठले आता. हातसुद्धा थरथरतात. पण मनगटं अजून तशीच आहेत, सुई लावताना शीर शोधावी लागली नाही...

आठवतं ना. मॅचच्या आधी ते गोलात प्रार्थनेला गुडघे टेकायचे आणि तू गल्लीत, दोन विटांच्या मध्ये. गुडघे तू फोडून घ्यायचीस, आईची बोलणी मी खायची.

अगं थांब, इतक्यात नाही देत मी त्यांना फोन. आधी ऐक. मी घोळ घालून ठेवलाय.

सकाळी त्यांना आपल्या पत्राचं सांगितलं. बाबा आजारी होते तेव्हा लिहिलेलं, त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणून... हो, आणि त्यांच्या सहीचं कार्ड आलं, 'रोज करतो'. माहीत आहे गं, अजून तुझ्या बायबलमध्ये असतं ते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. माझ्या जिभेला हाडच नाही.

त्यांनी केलीच नव्हती, ताई.

प्रार्थना. एकदाही नाही. कार्डं क्लबचा कारकून लिहायचा. हे गठ्ठ्यावर सह्या करायचे नि सरावाला पळायचे. पत्रं वाचलीसुद्धा नाहीत... मी कशाला मनाचं सांगू? तेच म्हणाले. रडत.

कशाला सांगितलं म्हणतेस?...

हो, चुकलं माझं. तुला कधीच सांगणार नव्हते. पण ते ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीयेत. म्हणतात, देवाचं नाव घेऊन लेकरांना फसवलं, आता त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ. डॉक्टर ओरडून गेले. मुलाने हात जोडले... अर्धा तास आहे. आज राहिलं तर उद्यापर्यंत नाही टिकणार ते.

म्हटलं ना मी, माफ केलं म्हणून. माझी माफी चालत नाही त्यांना. मला चर्चची पायरी चढून किती वर्षं झाली, असं त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं.

तू बोलणार? काय बोलशील?... रागावू नकोस हं, जीव केवढासा राहिलाय... बरं. देते.

काका, माझी मोठी बहीण. हो, पत्र तिनेच लिहिलं होतं. धरा, असा कानाला लावा...

...

हॅलो? ताई, केली सही. स्वतः पेन मागितलं. डोळे पुसतायत नि हसतायत. काय सांगितलंस तू?

काय?

बाबा बरे झाले म्हणालीस?... देवाने काकांचं राहिलेलं काम करून टाकलं, असं?... ताई, बाबा कार्ड आलं त्याच महिन्यात गेले... अगं माहीत आहे तुला ते, पण तू खोटं बोललीस? संडे स्कूलच्या पोरांना पेन्सिल चोरली तरी कबूल करायला लावणारी तू?

रडू नकोस. ऐक ना... रडू नकोस गं. मी नाही काही म्हणत.

ट्रॉली आली. नेतायत त्यांना... एक मिनिट, हाक मारतायत मला. काय काका?... हो, आहे ती फोनवर...

ताई. ते म्हणतायत, शुद्धीवर आलो की तुमच्या बाबांना भेटायचंय मला. घेऊन येशील ना, विचारतायत... हॅलो? हात धरून ठेवलाय माझा, सोडत नाहीत. काय सांगू मी त्यांना?... ताई?... हॅलो?... हॅलो?