वहिनीच्या वाटणीच्या गोळ्या

तावेउनी बेटावरच्या दवाखान्यात रांग हलेना म्हणून माझं डोकं तापलं होतं. पुढं उनाइसी नावाची म्हातारी नर्सबाईशी बोलत बसलेली.

"मावशी, महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या?"

"अर्ध्या वहिनीला दिल्या. तिलाही साखरच आहे. घरच्या माणसानं मागितल्यावर नाही म्हणू का?"

"अहो, हा अभ्यास आहे! नवी गोळी लागू पडते का, ते बघायचंय."

"म्हणजे मला बरं करायला नाही देत तुम्ही?"

"सही घेताना सांगितलं होतं की. निम्म्या लोकांना तर नुसत्या पिठाच्या गोळ्या आहेत."

"पिठाच्या? माझ्या कुठल्या गं?"

"मलाही माहीत नाही. कुणालाच सांगत नाहीत. म्हणून तर जुनं औषध चालूच ठेवा म्हटलं."

"मी ठेवलंय."

"मग झालं तर."

"वहिनीनं सोडलं. परदेशी गोळी मिळाली म्हणून खूश होती. आता पायाची जखम काळी पडलीय तिच्या."

नर्सबाई उठलीच.

"कुठं राहते ती? चला, मी येते."

"पलीकडच्या बेटावर. आजची बोट गेली."