घरमालक झाले स्पोर्टिंग डायरेक्टर

...नाही, मला एक सांगा, ज्या माणसाच्या घरात तुम्ही राहता, ज्याच्या नळाचं पाणी पिता, ज्याला विचारल्याशिवाय भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही, त्या माणसाला समोर बसवून 'अण्णा, तुमचं काम काही जमत नाहीये' असं तोंडावर सांगता येईल तुम्हाला? येईल? मग या! बसा माझ्या खुर्चीत! मी उठतो! पण नाही, येत कोणीच नाही हो. सगळे लांबून म्हणणार, 'सुशांत, तूच बोल, तू पुण्याचा, तू स्पष्ट बोलतोस.' अरे, पुण्याचा माणूस स्पष्ट बोलतो ते स्वतःच्या घरात! भाड्याच्या घरात तोसुद्धा हळूच बोलतो! घर त्यांचं, आणि निकाल मी द्यायचा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस भ्रमला. आम्ही राहतो बंगळुरात, सर्जापूर रोडला, पर्पल बांबू रेसिडेन्सीत. बांबू फक्त नावात आहे, ते असो. तर आमच्या सोसायटीचा एक फुटबॉल क्लब आहे. हसू नका! आमच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांची मिळून चक्क लीग चालते, रविवारी सकाळी, टर्फवर, रेफ्री असतो, पिवळं कार्ड असतं, गुडघ्याला लावायला बर्फ असतो... बर्फ जरा जास्तच असतो. आणि लीगचा नियम एकच, पण कडक. खेळाडू त्याच सोसायटीत राहणारा पाहिजे. मग चांगला खेळाडू आणायचा कसा? तर त्याला आपल्या इथं घर मिळवून द्यायचं! एप्रिल-मे आला, शाळा संपल्या, करार संपले, गेटवर सामानाच्या ट्रकांची रांग लागली, की तीच आमची ट्रान्सफर विंडो, म्हणजे नवे खेळाडू घ्यायचा हंगाम. तिकडे युरोपात खेळाडूला कोट्यवधी देतात, आम्ही त्याला दोन बेडरूम दाखवतो आणि म्हणतो, बघा, बाल्कनीत ऊन छान येतं.

आधी हे काम आमचा कॅप्टन कार्तिक बघायचा. फुटबॉल कळतं हो त्याला, लॅपटॉपवर सगळं मांडून ठेवायचा, कोण किती पळतो, कोणाचा पास कुठं जातो. पण चांगला खेळाडू म्हटला की तो निघतो बॅचलर, आणि बॅचलर म्हटलं की आमचे घरमालक दारसुद्धा उघडत नाहीत! तेव्हा असोसिएशननं ठरवलं की घरमालकांना घरमालकच पटवू शकतो, आणि नेमले नवे स्पोर्टिंग डायरेक्टर. कोण? विश्वेश्वर अण्णा. माझे घरमालक!

आता अण्णा मराठीच, पण तुमच्या-माझ्यासारखे काल ट्रकमधून उतरलेले नव्हेत. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इथं आले, तेव्हा डिपॉझिट नव्हतं, ब्रोकर नव्हता, आले आणि राहिले. सोसायटीत त्यांची तीन घरं. एकात स्वतः राहतात, एकात त्यांची बहीण, एकात आम्ही. माणूस देवमाणूस, खोटं कशाला बोलू? नळ गळतो म्हटलं तर स्वतः पान्हा घेऊन येतात. फुटबॉल मात्र त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. मला म्हणाले, "त्यात काय आहे हो सुशांत? माणूस पारखायचा. तीस वर्षं भाडेकरू पारखतोय मी, अकरा माणसं पारखता येणार नाहीत काय?"

आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी ती अक्षरशः तशीच पारखली! भाडेकरू म्हणून!

मला सोबत घेऊन बसले मुलाखतींना. पहिला आला जिजो. कोळिकोडचा. अहो, पायात काय जादू त्याच्या! नुसता खुर्चीकडं चालत आला तरी वाटलं आता मला चकवून जातो. मी टेबलाखालून अण्णांना खुणावतोय, घ्या, घ्या! अण्णांनी चष्मा लावला. "कुटुंब कुठं असतं?" तो म्हणाला, लग्न नाही झालं. अण्णा म्हणाले, "हौदा... मीन खाता?" हौदा म्हणजे 'असं होय', आणि मीन म्हणजे मासे. तो बिचारा खूश झाला, त्याला वाटलं जेवायला बोलावतायत, म्हणाला, रोज! रोज तळतो! "मित्र येतात घरी?" "येतात ना सर, मॅच बघतो सगळे मिळून, खूप ओरडतो!" झालं. अण्णांनी चष्मा काढला. "सरी, सरी. आम्ही कळवतो." सरी म्हणजे ठीक आहे, पण काय कळवतो? बाहेर पडल्यावर मी म्हटलं, अण्णा, हा गोल करणारा माणूस आहे! तर म्हणतात, "गोल रविवारी करणार हो, वास रोज येणार."

मग निवड कोणाची झाली? गुंडोची! वय चाळिशीकडं झुकलेलं, धारवाडहून आलेला, चपला दाराबाहेर काढून आत आला, आणि काढल्या त्या अशा सरळ रेषेत की अण्णांनी तिथंच निम्मा करार केला. "रात्री किती वाजता झोपता?" "साडेनऊ." "टीव्ही?" "म्यूटवर बघतो, सर." म्यूटवर! मी म्हटलं, फुटबॉल खेळलायत का कधी? तो म्हणाला, "शाळेत होतो, पण आवाज फार व्हायचा." आणि अण्णा माझ्याकडं वळून म्हणतात, "डिफेन्सला घेऊ. शांत माणूस आहे."

असे एकामागून एक गोळा केले हो त्यांनी! पाणी जपून वापरणारे, कचरा वेगळा करणारे, पाहुणे न बोलावणारे. ट्रान्सफर विंडो संपली तेव्हा अख्ख्या बंगळुरात नसेल अशी भाडेकरूंची टीम आमच्याकडं होती. जिजोला मात्र रस्त्यापलीकडच्या सोसायटीनं त्याच आठवड्यात घर दिलं, वर चिमणीसुद्धा बसवून दिली स्वयंपाकघरात.

पहिलीच मॅच त्यांच्याशी! काय सांगू तुम्हाला... जिजो बॉल घेऊन सुसाट आला, आणि आमचा गुंडो, लिफ्टमधून कोणी बाहेर पडताना आपण सरकतो ना, तसा अदबीनं बाजूला सरकला. दुसरा डिफेंडरही सरकला. गोल! आमच्या गोलकीपरनं बॉल जाळ्यातून काढला, टी-शर्टनं पुसला आणि जिजोच्या हातात दिला! कार्तिक घसा फोडून ओरडतोय, "अरे बोला! एकमेकांशी बोला! मागनं माणूस येतोय तर सांगा!" कोणी बोलेल तर शपथ! इंटरव्हलला माझ्या फोनवर गुंडोचा मेसेज. काय? 'नऊ नंबरच्या गृहस्थांनी मला धक्का दिला. कृपया योग्य ती दखल घ्यावी.' अरे, शेजारीच तर उभा होतास!

मी? मी राईट बॅकला, उजवीकडचा बचाव माझा. आता माझंही वय झालंय, गुडघा बोलतो माझा, पण निदान मी सरकत तरी नाही. जागेवर असतो... बरं ते जाऊ द्या, विषय अण्णांचा आहे.

हरलो. पुढची हरलो. त्यापुढची तर अशी हरलो की रेफ्रीनंच आम्हाला धीर दिला. मग खेळाडू चिडले, कार्तिक चिडला, म्हणाला, डायरेक्टरचा आढावा घ्या! असोसिएशन म्हणाली, घ्या. आणि आढावा कोण घेणार? 'सुशांत! दोघं मराठी, आपल्या भाषेत समजावून सांगेल.' वा! म्हणजे ज्या भाषेत मी या माणसाकडं गीझर बदलून मागतो, त्याच भाषेत त्याला काढून टाकायचं! पुढच्याच महिन्यात माझा करार संपतोय, नवा करायचा की नाही ते अण्णांच्या हातात, आणि अण्णांना ठेवायचं की नाही ते माझ्या तोंडात. घर त्यांचं, आणि निकाल मी द्यायचा!

घरी मुग्धाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबला. म्हणाली, "सुशांत, बंगळुरात आल्यापासून हे आपलं चौथं घर. सिद्धी इथं आली तेव्हा दोन महिने बोलत नव्हती कुणाशी. आत्ता कुठं खाली खेळायला जायला लागलीय, एक मैत्रीण मिळालीय तिला. मी परत खोकी भरणार नाही. तुझा तो बॉल गोलात जाऊ दे नाहीतर कावेरीत जाऊ दे." आणि परत कणीक मळायला लागली, पण अशी, की मला माझंच मानगूट तिच्या हातात दिसायला लागलं. पोरीचं सगळं जग त्या दोन विंगांमध्ये, आणि ते टिकणार की नाही ते एका मीटिंगवर!

तरी म्हटलं, निदान सोसायटी तरी माझ्यामागं उभी राहील. कुठलं काय! गेटपाशी नीलिमाताई भेटल्या, असोसिएशनच्या सेक्रेटरी. म्हणाल्या, "अण्णांना काही बोलू नका हं. इतके गुणी भाडेकरू या बिल्डिंगनं कधी पाहिले नाहीत. हरतात तर हरू देत, आवाज न करता हरतात." आणि तिकडं कार्तिक रोज दाराशी! "सर, घाबरलात काय? तुम्ही बोलला नाहीत तर मी टीम सोडतो." मी जिन्यानं जायचो तर कार्तिक, लिफ्टनं जायचो तर नीलिमाताई, घरात बसायचो तर मुग्धा! माणसानं उभं राहायचं कुठं?

आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये अण्णाच! दार बंद झालं, वर निघालो, आणि खट्ट... लाईट गेली! मधल्यामध्ये अडकलो! दोघंच! आमच्या लिफ्टला जनरेटरवर यायची कधी घाई नसते. अंधारात अण्णांचा आवाज आला, "ऊट झालं काय हो?" म्हटलं, झालं जेवण. मग, "उद्या काय बोलणार म्हणता?" मला दरदरून घाम! म्हटलं, अण्णा, ते आपलं... एकूणच... सर्वांगीण... "स्पष्ट बोला हो. मला कुणी स्पष्ट सांगतच नाही. घरमालकाला कोण सांगणार?" आणि तुम्हाला सांगतो, हे इतकं साधेपणानं म्हणाले की मला त्या अंधारात अण्णांची दयाच आली. तेवढ्यात लाईट आली. त्यांचा चेहरा दिसला आणि दया गेली, नुसता करार दिसायला लागला.

मीटिंग! क्लबहाऊस गच्च. अण्णा पहिल्या ओळीत, शेजारी त्यांची बायको पद्मावती अक्का, मागं गुंडो आणि मंडळी, हाताची घडी घालून. कार्तिकनं टीव्हीवर सगळे गोल दाखवले, आमच्यावर झालेले. संपता संपेनात! मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं. मी उभा राहिलो, आणि मला स्वतःलाच ऐकू येईना मी काय बोलतोय ते! म्हटलं, एका ट्रान्सफर विंडोवरून माणसाची परीक्षा करायची का हो? कढीपत्त्याचं रोप लावलं तरी आपण वर्षभर थांबतो! अण्णांनी पाया घातलाय! शिस्त आणलीय! त्यांना तीन वर्षं द्या! टाळ्या! पद्मावती अक्कांनी डोळे पुसले. कार्तिकनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच पिवळं कार्ड मिळालं.

आता बसायचं की नाही गप्प? बसायचं ना? पण नाही! कार्तिकची ती नजर लागली हो मनाला. सगळी मॅच विकल्यासारखं वाटलं. म्हटलं एक, फक्त एक खरं वाक्य बोलून टाकू, काय बिघडतंय? म्हणालो, "फक्त एक सूचना, अण्णा. इथून पुढं भाडेकरू बघू नका. खेळ बघा."

अण्णांनी मान हलवली. "सरी," म्हणाले.

घरी आलो तो जिंकून! मुग्धानं शिरा केला. अण्णा तीन वर्षं डायरेक्टर, म्हणजे आपण तीन वर्षं इथं! पोटभर खाल्ला मी शिरा.

आणि त्या आठवड्याच्या शेवटी सकाळीच बेल. दारात अण्णा. हातात नारळ. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. बसले, मुग्धानं कॉफी दिली, म्हणाले, "सुशांत, तुमच्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. कार्तिकचा लॅपटॉप मागून घेतला, सगळ्या मॅच परत बघितल्या. भाडेकरू नाही बघितला, फक्त खेळ बघितला. गुंडो तसा वाईट नाही हो, स्वल्प भित्रा, सुधारेल. पण गोल सगळे येतात कुठून? उजवीकडून!"

उजवीकडून. राईट बॅकच्या बाजूनं.

"तुमच्यासारखा भाडेकरू मला परत मिळणार नाही," अण्णा म्हणाले, आणि नारळ माझ्या हातात ठेवला, "पण क्लबनं तीन वर्षं विश्वास टाकलाय, मन घट्ट करायलाच पाहिजे. जिजोचा एक दोस्त आहे. राईट बॅक. रिकामं घर एकही नाही, म्हणून हे त्याला द्यायचं ठरवलं. मीन तळतो. मित्र येतात. असू दे, मी स्वल्प ॲडजस्ट करतो. करार संपला की सोडा, सावकाश."

मुग्धा माझ्याकडं बघतेय. सिद्धी आतून विचारतेय, बाबा, कोण आलंय? घर त्यांचं, निकालही आता त्यांचाच! मी तोंड उघडलं, म्हटलं आता स्पष्ट बोलतो, अगदी पुण्याचं बोलतो, जायचंच आहे तर भीती कोणाची? सांगतो तोंडावर, की अण्णा, डायरेक्टर म्हणून तुमचा हा निर्णय साफ चुकलाय! तेवढ्यात अण्णांनी फोन पुढं केला, त्या पोराचा व्हिडिओ लावला, आणि मी बघितला... काय पळतो हो! काय टॅकल! फोन परत दिला, आणि म्हटलं, "घ्या अण्णा. लगेच घ्या."