चौथी ओळ कुणाची

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, उपअभियंता सिद्धेश्वरी हत्तुरे मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, तीस वर्षांची सेवा करून आज निवृत्त होणारे आपले शिपाई आणि माझे मित्र पीरसाब नदाफ, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी झीनतभाभी, आणि जेवणाच्या वासानं चुळबुळ सुरू झालेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी विरुपाक्ष, इथला मुख्य लिपिक. मला पाच मिनिटं दिलीत. बांधकाम खात्याचं काम वेळेत संपल्याचं कुणी ऐकलंय का? तरी प्रयत्न करतो.

आज एक गुपित फोडायचं आहे. मॅडम, कारवाई करायची तर उद्या करा, आज गोडधोड आहे. गेली सात वर्षं आपल्या कार्यालयात कवितेचा डाव चालतो. भिडू तीन: मी, अभियंता यशपाल बनसोडे आणि लेखा शाखेच्या संघप्रिया मॅडम. एकानं एक ओळ लिहायची, कागद दुमडायचा, शेवटचा शब्द तेवढा बाहेर ठेवायचा. पुढच्यानं त्या शब्दावरून आपली ओळ लिहायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहायचं, आणि ओळ कुणाची हे विचारायचं नाही. आमची टेबलं तीन खोल्यांत. मग कागद न्यायचा कुणी? टपालवहीत घालून पीरसाब न्यायचे, आज आधी कुणाकडं जायचं तेही तेच ठरवायचे. जेवणाच्या सुट्टीत घडी उलगडली की हसून हसून ठसका! अहो, एकदा वांग्याच्या भाजीपासून सुरू झालेली कविता चंद्रावर जाऊन पोचली होती.

आता गंमत ऐका. भिडू तीन, आणि कवितेत ओळी चार! रस्त्याची लांबी सेंटिमीटरपर्यंत मोजणारं आपलं खातं, पण ओळी मोजाव्यात असं एकालाही सुचलं नाही. वाटायचं, दुसऱ्याला हुक्की आली असेल, लिहिल्या असतील दोन.

दोन वर्षांपूर्वी खात्याच्या स्नेहसंमेलनात आमची 'रस्ता' ही कविता मी वाचली. तिची शेवटची ओळ होती, "ज्यानं खडी फोडली, त्याला कुणी इचारलं न्हाय, तुला कुटं जायाचंय." टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी विचारलं, ही ओळ कुणाची? यशपाल आणि संघप्रिया मॅडम, दोघांनी माझ्याकडं बोट केलं. मी वळसंग गावचा, त्यांना वाटलं, अशी गावाकडची बोली माझीच असणार! ओळ माझी नव्हती. मी काय केलं? हात जोडले. शाल घातली, घालून घेतली.

गेल्या वर्षी हे दोघं प्रशिक्षणाला बार्शीला गेले. सवयीनं मी एक ओळ लिहून कागद टपालवहीत टाकला. दुपारी उघडला, तर दोन ओळी! टपालवहीला हात लावणारा माणूस एकच.

पीरसाब पाकिटांवर शिक्के मारत होते. विचारलं, "पीरसाब, ती खडीची ओळ तुमची?"

"व्हय की साहेब. नोकरी लागायच्या आदी अक्कलकोट रोडला खडीच फोडत हुतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कुणाची ते इचारायचं न्हाय, असा नियम हाय की. तुमीच केलाय." वर हसून म्हणाले, "तुमी वाचला लई झ्याक. झीनतनं बी टाळ्या वाजिवल्या."

माणूस चिडला असता तर बरं झालं असतं हो! तेव्हापासून रोज ठरवतोय, सगळ्यांना सांगायचं, आणि रोज कच खातोय. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. उद्यापासून पीरसाब येणार नाहीत. आज बोललो नाही, तर ती ओळ कायमची माझ्या नावावर राहील.

तर मंडळी, ती ओळ पीरसाब नदाफ यांची. सात वर्षांतली प्रत्येक चौथी ओळ त्यांची. वाजवा, वाजवा! थांबू नका, आधीच दोन वर्षं उशीर झालाय.

मॅडमनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. त्या शालीची माफी मात्र सभागृहाकडं मागून चालणार नाही. ती पीरसाब, तुमच्याकडं मागतो.

हा आजचा कागद. आम्ही तिघांनी तीन ओळी लिहिल्यात, उजव्या हातानं, खाली आपापली नावं घालून. चौथी जागा रिकामी आहे. नुसती मान हलवू नका, भाभी बघा, खालून खुणावतायत, उठा म्हणून. या की पीरसाब, आमी थांबलोय.