सासऱ्याची दुनळी

माळावरच्या शिकारीला आठवडा उरला होता. बंदुकांच्या दुकानात काडतुसांसाठी थांबलेल्या इशबेलबाईंच्या पुढे ड्यूगल नावाचा एक जावई सासऱ्याची दुनळी बंदूक घेऊन उभा होता.

“नळ्यांची तोंडं जरा मोकळी करून द्या. पण सासऱ्यांना कळता कामा नये.”

“का हो?” दुकानदारानं विचारलं.

“ते म्हणतात, आवळलेल्या तोंडाचीच बंदूक मर्दाची. छर्रे लांब जातात.”

“अहो, हाकाऱ्यांनी उठवलेले ग्राउस पक्षी तीस पावलांवरून सुसाट जातात. लांब कशाला? मोकळ्या तोंडातून छर्रे पसरतात, तेच बरं.”

“तेच तर! गेल्या वर्षी हिनं माझ्याकडून एकही पाखरू पडलं नाही. यंदा चुकलो, तर शिकाऱ्यांच्या रांगेतून काढणार आहेत मला.”

“आणि ते स्वतः?”

“याच दुनळीनं एकही सोडत नसत!”

दुकानदारानं नळीत माप घातलं. काढून पुन्हा घातलं.

“साहेब, ही तोंडं कुणीतरी कधीच मोकळी करून घेतलीत.”

“मोकळी? म्हणजे सासरे... मग माझं चुकतं काय?”

“नेम,” इशबेलबाई मागून म्हणाल्या.